नुसती आजी

ताइसिया पाव्लोव्नाची मनाने घरी जायची तयारी झाली, तेव्हा सहलीच्या सोळा दिवसांपैकी सहा अजून शिल्लक होते.

जहाजावर एक पद्धत होती. संध्याकाळच्या जेवणाला बसलं की टेबलावर उद्याच्या जेवणाचा कागद ठेवलेला असायचा. लापशी की ऑम्लेट, माशाचं सूप की कोबीचं, कोंबडी की कटलेट. हव्या त्या पदार्थापुढे पेन्सिलीने खूण करायची आणि खाली टेबलाचा नंबर घालायचा. पहिल्या आठवड्यात ताइसियाला या कागदाचं कोण अप्रूप. उद्या काय खाणार, हा प्रश्न आयुष्यभर तिने इतरांना विचारला होता. तिला तो कुणी विचारतंय, तोही छापील, ही गोष्टच तिला इतकी आवडली होती की दुसऱ्या दिवशी तर तिने दोन्ही सुपांपुढे खूण केली, आणि वाढणाऱ्या मुलीने दोन्ही आणून ठेवली.

दहाव्या दिवशी संध्याकाळी, व्होल्गोग्राड मागे पडल्यावर, तिने पेन्सिल उचलली, परत ठेवली आणि कागद पालथा घातला.

"हे काय, उपास?" समोरून इराइदा सेम्योनोव्नाने विचारलं.

"उद्या सारातोवला मी उतरतेय."

"आपण सगळेच उतरणार आहोत. साडेतीन तासांचा थांबा आहे."

"परत चढणार नाही. तिथून पेर्मची गाडी आहे. तेरवा सकाळी घरी."

इराइदाने काटा खाली ठेवला. ती ताइसियाच्याच कॅबिनमध्ये होती. वय एकाहत्तर, पेर्मच्या संगीतशाळेत पियानो शिकवून निवृत्त झालेली, नवऱ्यामागे एकटी. तिची ही नववी सहल. कुठल्या वळणावर कुठलं चर्च दिसतं, कुठल्या धक्क्यावर सुकवलेला मासा चांगला मिळतो, आपल्या इमारतीचा जिना पाठ असावा तशी तिला व्होल्गा पाठ होती.

"बरं वाटत नाही का?"

"पोटात दुखतंय," ताइसिया म्हणाली. आणि एका अर्थाने ते अगदी खरं होतं.

"डॉक्टर आहेत जहाजावर."

"हे त्यांच्या हातातलं दुखणं नाही."

"असं," इराइदा म्हणाली आणि पुन्हा काटा उचलला. "म्हणजे विहीणबाई."

आता ही विहीणबाई कोण, ते सांगायला हवं.

नेल्ली आर्काद्येव्ना ही ताइसियाच्या सुनेची, उल्यानाची, आई. राहायची वर उत्तरेला, सोलिकाम्स्कला. वर्षातून दोनदा यायची, एकदा नाताळच्या सुमाराला आणि एकदा मे महिन्यात. येताना घट्ट विणलेले मोजे आणायची, सगळ्यांच्या तब्येतीबद्दल एकेक प्रश्न विचारायची आणि चौथ्या दिवशी परत जायची. विहीण असावी तर अशी, असं ताइसिया आपल्या मैत्रिणींना सांगायची. गुणी, शांत आणि लांब.

यंदा ताइसियाला साठ पुरी झाली. मुलाने, ग्लेबने, टेबलावर पाकीट ठेवलं. पेर्मपासून आस्त्राखानपर्यंत आणि परत, वरच्या मजल्यावरची कॅबिन, सोळा दिवस.

"आई, तू आयुष्यात कधी विश्रांती घेतली आहेस का?"

"विश्रांती घेऊन करायचं काय? आणि ऑगस्टमध्ये? काकड्या कोण तोडणार? वार्याला कोण बघणार?"

ताइसियाचे सगळे उन्हाळे शहराबाहेरच्या दाचावर जायचे. सहा गुंठे जमीन, दोन खोल्यांचं लाकडी घर, मध्ये विटांची चूल आणि काचेखाली वाढवलेल्या काकड्या. मुलगा आणि सून शनिवार-रविवार यायचे. नात वार्या मात्र मेपासून सप्टेंबरपर्यंत आजीजवळ. आता ती साडेपाचची. तिचा पहिला दात ताइसियाच्या बोटाला लागला होता. पहिलं पाऊल तिने चुलीपासून कोळशाच्या बादलीपर्यंत टाकलं होतं, आणि तेव्हाही घरात ताइसियाच होती.

"नेल्ली आर्काद्येव्ना येतील," ग्लेब म्हणाला. "त्यांनीच तर सुचवलं. म्हणाल्या, ताइसिया पाव्लोव्नांना एकदा पाठवाच, दाचा मी सांभाळते."

ताइसियाच्या मनात पहिली टाचणी टोचली ती इथे. त्यांनीच सुचवलं.

निघायच्या दिवशी सकाळपासून पाऊस. फाटकाशी टॅक्सी उभी. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं असतं, तसे बसले. ताइसिया आपल्या बॅगेवर, ग्लेब स्टुलावर, त्याच्या मांडीवर वार्या. आणि नेल्ली आर्काद्येव्ना बसल्या खिडकीपाशी, उंच पाठीच्या खुर्चीत. ती खुर्ची ताइसियाची होती. म्हणजे तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं, पण सतरा वर्षांत तिथे दुसरं कुणी बसलंही नव्हतं. एका मिनिटात माणसाने प्रवासाबद्दल काहीतरी चांगलं मनात आणावं अशी अपेक्षा असते. ताइसियाने ते मिनिट खुर्चीकडे बघण्यात घालवलं.

त्यातून फाटकापर्यंत गेल्यावर आठवलं, चष्मा आतच राहिला. अर्ध्या वाटेवरून मागे फिरणं वाईट, पण चष्म्याशिवाय व्होल्गा काय दिसणार. ती चिखलाने भरलेले रबरी बूट तसेच घेऊन आत गेली, चष्मा उचलला, अपशकुन निघून जावा म्हणून आरशात एकदा तोंड बघितलं आणि बाहेर पडली. जहाज सुटलं तेव्हा भोंग्यातून जुन्या लष्करी बँडची धून वाजली, धक्क्यावर वार्याने दोन्ही हात हलवले, आणि तिच्यामागे छत्री धरून उभ्या असलेल्या नेल्ली आर्काद्येव्नांनी एक हात हलवला.

त्याच दिवशी संध्याकाळी फोनवर पहिला फोटो आला. खाली लिहिलं होतं: "काळजी करू नका. सगळं ठीक. जेवून झालं."

फोटोत वार्या टेबलापाशी बसून दूध पीत होती. ताइसियाने फोटो दोन बोटांनी मोठा केला. वार्याचे केस दोन वेण्यांत घातले होते, कानांवरून घट्ट. ताइसिया एकच घालायची. ते एक वेळ सोडा. तिने फोटो खाली सरकवला, आणि तिचा हात थांबला.

जमीन पुसलेली होती. टेबलाखालच्या फळ्या ओल्या होत्या, चकचकीत, आणि कोपऱ्यात बादली, तिच्या काठावर पिळलेलं फडकं.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही आणि जमीन तर पुसायचीच नाही, हे पाळण्यातल्या पोराला कळतं. जाणाऱ्याची वाट पुसली जाते. पुसलेल्या वाटेने माणूस परत येत नाही. नेल्ली आर्काद्येव्ना काही परक्या मुलखातून आलेल्या नव्हत्या. सोलिकाम्स्कलाही हेच पाळतात, त्याहून जास्त पाळतात.

"बघा," तिने इराइदाला फोन दाखवला. तेव्हा त्यांची ओळख सहा तासांची होती.

"गोड आहे हो नात."

"जमीन बघा."

इराइदाने जमीन बघितली. मग ताइसियाकडे बघितलं. "तुम्ही घरून आज सकाळीच निघालात?"

"आज सकाळी."

"अगं बाई," इराइदा म्हणाली, आणि त्या क्षणापासून दोघींमधलं 'तुम्ही' गेलं.

पुढे फोटो रोज येत राहिले. काठावर फोन लागायचा, मधल्या पाण्यात लागायचा नाही, त्यामुळे प्रत्येक धक्क्याला दोन-तीन एकदम यायचे. काकड्यांच्या बरण्या, ओळीने चौदा. ताइसियाच्याच बरण्या, पण शेपूचे तुरे तळाशी घालण्याऐवजी वर घातलेले. चेरीचा मुरंबा. पडवीच्या पायरीची डुगडुगणारी फळी ठोकून बसवलेली. ती फळी ताइसिया तीन वर्षं ग्लेबला ठोकायला सांगत होती. फोटोखाली दर वेळी तेच: "काळजी करू नका."

"मी कशाला काळजी करू?" ताइसिया म्हणायची. "सगळं माझ्यापेक्षा चांगलं चाललंय."

"मग आनंद मान की."

"तोच तर होत नाहीये."

इराइदाने प्रयत्नांत कसूर ठेवली नाही. तिला संध्याकाळच्या नाचाला नेलं, जलदेवाच्या सोंगांच्या खेळात ओढलं. जलदेवाच्या खेळात इराइदा स्वतः जलपरी झाली होती, हिरव्या जाळीचा पडदा कमरेला गुंडाळून. बक्षीस मिळाल्यावर म्हणाली, "सत्तरीनंतर शेपूट सांभाळणं सोपं नाही." ताइसिया हसली. मनापासून हसली. पण हसता हसता तिच्या मनात आलं, आत्ता तिकडे वार्याही हसत असेल, आणि कुणाच्या बोलण्यावर. झालं, पुन्हा पोटात दुखायला लागलं.

आपण वाईट आहोत हे तिला कळत होतं. पोरगी खूश आहे, नीट जेवतेय, याचं सुख व्हायला हवं. तिने स्वतःला ते बजावूनही पाहिलं, वरच्या डेकवर रेलून, दोन्ही काठांची जंगलं मागे पडत असताना. त्या जंगलांनी तिला काही मदत केली नाही. तिला मनातून हवं होतं ते असं: वार्याने जेवायला नाही म्हणावं. फार नाही, एक दिवस. एक संध्याकाळ. 'आजी कधी येणार' म्हणून थोडं रडावं, आणि नेल्ली आर्काद्येव्नांनी थकून फोन करावा.

आस्त्राखानला, जहाज जिथून परत फिरतं तिथे, तिने स्वतःच फोन लावला. इराइदा बाजारात कलिंगडं ठोकून बघत होती, ताइसिया कडेला सावलीत उभी. फोन विहीणबाईंचा, पण उचलला वार्याने.

"हॅलो," वार्या म्हणाली, आणि मग फोन लांब धरून ओरडली, "आजी, तास्या आजीचा फोन आलाय."

बाकी काय बोलणं झालं ते ताइसियाला नंतर आठवेना. वार्या एका सुरवंटाबद्दल काहीतरी सांगत होती.

त्या घरात आजी एकच होती. नुसती आजी म्हणजे ताइसिया. दुसरीला नाव लागायचं, नेल्या आजी, कारण ती लांबची, ती पाहुणी, तिची ओळख पटवायला नाव लागायचं. साडेपाच वर्षं असंच होतं. आणि नऊ दिवसांत नाव इकडचं तिकडे सरकलं. नेल्या आजीचं नाव गळून पडलं आणि ताइसियाला येऊन चिकटलं.

"त्यात काय एवढं," इराइदा परतताना म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत जाळीच्या पिशव्या, त्यांत पाच कलिंगडं. "जवळ असते ती आजी. लांब असते तिला नाव लागतं. माझी नातवंडं कॅनडात आहेत. ती मला कशानेच हाक मारत नाहीत. फोनवर नुसते हात हलवतात, आगगाडीतून हलवावेत तसे. तुला निदान नाव तरी आहे."

"तिने जमीन पुसली, इराइदा. पहिल्याच दिवशी. आणि बघ, पुसली गेलेच की मी."

 इराइदाने एक कलिंगड ताइसियाच्या हातात दिलं, कारण पिशवी बोटांना कापत होती.

तर दहाव्या दिवशी कागद पालथा घातला तो असा. अकराव्या दिवशी सकाळी ताइसियाने सहलीच्या व्यवस्थापक बाईंकडे अर्ज लिहून दिला, कौटुंबिक कारण. बाईंनी विचारलं, "घरी सगळे सुखरूप आहेत ना?" ताइसिया म्हणाली, "हो, तेच कारण आहे." बाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि सही केली.

बॅग भरून झाली. इराइदा आपल्या पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, कारण खाली कलिंगडं होती आणि जहाज वळलं की ती पाचही गडगडत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जायची.

"बस," ती म्हणाली. "निघण्याआधी बसायचं असतं. मी काही तुझ्या विहिणीसारखी नाही."

दोघी बसल्या. एक कलिंगड ताइसियाच्या घोट्याला येऊन टेकलं.

"चल," मिनिट संपल्यावर इराइदा म्हणाली. "आणि ऐक, सफाईच्या मुलीला मी सांगून ठेवलंय. तू पेर्मला पोचल्याचा फोन येईपर्यंत या कॅबिनमध्ये फडकं फिरणार नाही. दोन दिवस मी धुळीत झोपते. पण एक विचारते, येतेस म्हणून घरी कळवलंस का?"

"नाही."

"अचानक जाऊन उभी राहणार? चोर पकडल्यासारखी?"

 ताइसियाच्या मनात तसंच होतं. परवा सकाळी फाटक उघडायचं, वार्या धावत येऊन गळ्यात पडेल, आणि मागे दारात नेल्ली आर्काद्येव्ना फडकं हातात घेऊन उभ्या. पण आता कुणीतरी ते मोठ्याने बोलल्यावर तिला तो देखावा जरा हलका वाटला. आणि मग दुसरा विचार आला, तो आणखी गोड होता. फोनच करावा. 'परवा येतेय' म्हणावं आणि त्यांचा आवाज कसा पडतो ते ऐकावं.

सारातोवच्या धक्क्यावर ऊन रणरणत होतं. ताइसियाने बॅग बाकाला टेकवली, बाकावर बसली आणि फोन लावला. पुन्हा वार्याच.

"हॅलो. आजी अंगणात आहे, कपडे वाळत घालतेय."

"असू दे. तू सांग. काय करतेस?"

"मी स्टूल राखतेय."

"स्टूल? ते कशाला?"

"त्याच्याखाली आजीची पावलं आहेत."

"कोणत्या आजीची?"

"आजीची," वार्या म्हणाली, असल्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं अशा आवाजात. "चिखलाची. आरशापर्यंत जातात आणि परत येतात. आजी म्हणते त्यांच्यावर पाय द्यायचा नाही आणि पुसायची तर अजिबात नाही, नाहीतर आजी परत येणार नाही. काल एक मांजर गेलं त्यांच्यावरून. पण आजी म्हणाली मांजराचं चालतं."

ताइसियाने बाकाची कड धरली. या बोलण्यात दोन आज्या होत्या आणि त्यांतली कोणती कुठे होती, ते तिचं तिलाच बोटांवर मोजून लावावं लागलं.

"वारेन्का, आजीला फोन दे."

"कोणत्या आजीला?" वार्याने विचारलं, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन पळाली.

पायांचा आवाज, दाराचा आवाज, आणि मग जरा धापा टाकत: "ताइसिया पाव्लोव्ना? काही झालं का? जहाजाला काही झालं?"

"जहाजाला काय होणार. नेल्ली आर्काद्येव्ना, ही पावलांची काय गोष्ट आहे?"

 नेल्ली आर्काद्येव्ना बोलल्या, त्या अगदी हळू, शाळेत बाईंपुढे कबुली द्यावी तशा.

"माझ्या हातून चूक झाली. तुम्ही गेलात, आम्ही धक्क्यावरून परत आलो, आणि मला सवय आहे हो, मन अस्वस्थ झालं की मी जमीन पुसते. डोकं चालतच नाही त्या वेळी. स्वयंपाकाची बाजू पुसली, टेबलाखाली पुसली, पुसत पुसत आरशाकडे आले आणि समोर तुमच्या बुटांचे ठसे. तेव्हा लक्षात आलं मी काय करतेय. बादली तिथेच ठेवली. पण अर्धी पुसून झाली होती. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रोज जहाजांच्या बातम्या बघते. रात्री उठून बघते, ठसे आहेत ना. काही झालं असतं तर ग्लेबला मी तोंड कसं दाखवलं असतं?"

 दहा दिवस ताइसियाने मनातल्या मनात या बाईशी जी भांडणं केली होती, त्यांतलं एकही वाक्य आता उपयोगाचं उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर याचाही तिला थोडा रागच आला. फळी बसवलेली, बरण्या भरलेल्या, आणि आता ही बाई मनानेही चांगली निघाली. माणसाने किती सहन करायचं?

"अहो, ठीक आहे मी," ती म्हणाली. "ठणठणीत. मी फोन केला तो एवढ्याचसाठी, की मी सारातोवला उतरलेय. इथून गाडी आहे. परवा सकाळी घरी येते."

यासाठीच तर तिने फोन केला होता. आवाज कसा पडतो ते ऐकायला. आणि आवाज पडला. पडला म्हणजे आलाच नाही. पलीकडे नुसता वारा आणि दोरीवर फडफडणारे कपडे.

"परवा," शेवटी नेल्ली आर्काद्येव्ना म्हणाल्या. "बरं. तुमचंच घर आहे. मी चादर बदलून ठेवते."

"तुम्हालाही आराम होईल जरा."

"हो. होईल ना." आणि मग, थांबून, "ताइसिया पाव्लोव्ना, रागावणार नसाल तर एक विचारते. वार्याचा दात हलतोय."

"कोणता?"

"खालचा, पुढचा. परवापासून. जिभेने ढकलते दिवसभर. तीन-चार दिवसांत पडेल." त्यांनी श्वास घेतला. "तो आला तेव्हा तुम्ही होतात. चालायला लागली तेव्हा तुम्ही, बोलायला लागली तेव्हाही तुम्हीच. मी सोलिकाम्स्कला फोटो बघत बसायचे. दोन बोटांनी मोठे करून करून. उल्यानाला सांगितलं नाही मी कधी, पण मला फार वाटायचं तुमचं. म्हणजे, जळायचेच मी, सरळच सांगते. म्हणून तर ग्लेबला म्हटलं, ताइसिया पाव्लोव्नांना सहलीला पाठव. वर म्हटलं की त्या दमल्यात. दमलेल्या तुम्ही होतात, ते खोटं नव्हतं. पण मला सोळा दिवस हवे होते." पुन्हा वारा. "पहिला दात आला तेव्हा तुम्ही होतात. पडताना मी असू दे. मग हवं तर वर्षभर बोलावू नका."

धक्क्यावर एक बाई सुकवलेले मासे माळेसारखे गळ्यात घालून विकत फिरत होती. ताइसियाने तिला हाताने नको म्हटलं. मग पुन्हा बोलावलं. मग पुन्हा नको म्हटलं. बाई कंटाळून निघून गेली.

साडेपाच वर्षं. साडेपाच वर्षं कुणीतरी सोलिकाम्स्कला बसून तिचा हेवा करत होतं आणि तिला पत्ताही नव्हता. तिला वाटायचं, मोजे विणतेय. ताइसिया जे रोज दुधासारखं उतू जाऊ देत होती, ती हाक, ती वेणी, संध्याकाळची ती लापशीवरून होणारी भांडणं, त्याचे कुणीतरी फोटो मोठे करून बघत होतं. आणि ताइसियाच्या मनात एकदम जे आलं ते काही फार थोर नव्हतं. तिला बरं वाटलं. मनापासून, पोटापासून बरं वाटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा दुखायचं थांबलं.

दात मात्र तिला हवा होता. तो तिचा होता, तिच्या बोटाला लागलेला. तो द्यायचा म्हणजे काढून देण्यासारखंच होतं.

"नेल्ली आर्काद्येव्ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच जरा कडक वाटला, नोकरीत असताना डेपोत ट्रामचं वेळापत्रक सांगायची तसा. "दात पडला की उंदराला द्यायचा, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. चुलीखाली टाकायचा आणि म्हणायचं, हाडाचा घे, लोखंडाचा दे."

"चुलीखाली नाही. आमच्याकडचा उंदीर चुलीमागे राहतो, डावीकडे. तिथे वीट सैल आहे. उजवीकडे टाकलात तर दात राखेत जाईल आणि पोरगी रडेल. डावीकडे."

 नेल्ली आर्काद्येव्ना म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही..."

"तिकडे पावसाचं काय? काकड्यांना पाणी जास्त घालू नका."

"नाही घालत."

"आणि ती पावलं."

"हो?"

"तशीच राहू द्या. मी येऊन पुसते."

फोन ठेवल्यावर ती आणखी थोडा वेळ बसली. जायला मोकळं असूनही न जाणारं माणूस कसं दिसतं, ते तिला आजवर ठाऊक नव्हतं. ते बॅग ओढत परत जिना चढतं. व्यवस्थापक बाईंनी अर्ज फाडून टाकला आणि विचारलं, "घरी काही झालं का?" ताइसिया म्हणाली, "दात हलतोय." बाईंनी पुन्हा तिच्याकडे जरा वेळ बघितलं.

कॅबिनमध्ये इराइदा पलंगावर बसून कलिंगड खात होती, चमच्याने, अर्धं पोटाशी धरून.

"गाडी चुकली?"

"चुकवली."

"बरं केलंस. सफाईवाली दोनदा येऊन गेली, मी तिला दारातूनच हाकललं. ती समजतेय मी इथे काहीतरी लपवून ठेवलंय. धर चमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताइसियापुढे रव्याची पातळ लापशी आली. उतरणाऱ्यांच्या यादीत गेल्यामुळे आदल्या रात्री तिच्यापुढे कागदच आला नव्हता, आणि खूण नसली की तीच मिळते. गुठळ्या होत्या. ती खाताना तिच्या मनात आलं, तिकडे वार्या बहुतेक नेल्ली आर्काद्येव्नांच्या हातचे पॅनकेक खात असेल, आणि पोटात पुन्हा जराशी कळ आली. पण सवयीची, ओळखीची. तिने लापशी संपवली आणि संध्याकाळी नवा कागद आला तो ओढून घेऊन एकदम तिन्ही जेवणांवर खुणा केल्या.

फोटो आला तो तेराव्या दिवशी, सामाराच्या वर, जिथे फोन धड लागत नाही. तो वरून खाली उघडत आला. आधी केस आले, दोन वेण्या. मग कपाळ, मग डोळे, मिटलेले, हसण्याने. मग नाक. आणि तिथे थांबला. ताइसिया वरच्या डेकवर गेली, फोन डोक्यावर धरला, कठड्याला टेकली, डावीकडे गेली, उजवीकडे गेली. इराइदा तिच्यामागे अर्धं कलिंगड घेऊन फिरत होती.

"उघडलं का तोंड?"

"नाकापर्यंत आलंय."

"माझ्या नवऱ्याचंही असंच होतं. कधी उघडेल सांगता यायचं नाही."

पुढच्या गावाचा धक्का दिसायला लागला तेव्हा तोंड उघडलं. खालच्या ओळीत मधोमध खिडकी. वार्याने ती जास्तीत जास्त दिसावी म्हणून ओठ दोन्ही हातांनी ओढून धरला होता. तिच्या खांद्यावर एका बाजूने कुणाचा तरी हात होता, धुण्याच्या पाण्याने सुरकुतलेला. खाली लिहिलं होतं: "पडला. डावीकडे टाकला."

इराइदा डोकावली. "छान पडलाय हो. सरळ."

ताइसियाने फोटो दोन बोटांनी मोठा केला. दाताच्या खिडकीवर ती थोडी थांबली, त्या हातावर थोडी जास्त थांबली. मग तिने फोटो खाली सरकवला, आणखी खाली, पार कोपऱ्यापर्यंत, जिथे स्टुलाचे दोन पाय दिसत होते आणि त्यांच्यामध्ये वाळून पांढरा पडलेला चिखल.